सायकल रस्त्यावर नेमकी कुठून चालवायची?

ओली_माती | ८ डिसेंबर, सकाळी १०:४२

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होते, आज राहवलं नाही म्हणून पहिला धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

सप्टेंबरपासून मी पुण्यात ऑफिसला सायकलने जाते. आनंदनगरहून निघायचं, राजाराम पूल ओलांडायचा, डीपी रोड पकडायचा आणि पुढे आतल्या गल्ल्यांतून डेक्कन. गेल्या गुरुवारी डीपी रोडवर एका लॉनबाहेर लग्नाच्या गाड्या ओळीने लागलेल्या. मी आपली नेहमीसारखी अगदी डावीकडून, गाड्यांना घासूनच म्हणा ना, चालले होते आणि एका गाडीचं उजवं दार फाडकन उघडलं. हँडल वळवलं तरी कोपर दारावर आदळलं आणि मी उजवीकडे पडले, म्हणजे रस्त्याच्या मधोमध. मागचा रिक्षावाला जागा होता म्हणून आज टाइप करतेय. दार उघडणारे काका शेरवानीत होते, ते उतरून मलाच म्हणाले, "ताई, बघून चालवा की जरा."

हाड मोडलं नाही, पण डोक्यात प्रश्न बसलाय. घरी तीन माणसं आणि तीन मतं. नवरा म्हणतो फुटपाथवरून जा सरळ, कोण विचारतंय. सासरे म्हणतात उजव्या बाजूने चालव, समोरून येणारी गाडी दिसते तरी. आणि ऑफिसातला एक मुलगा (सिंहगड वगैरे मारतो दर रविवारी) म्हणतो ताई तुम्ही कडेने जाता हीच चूक आहे, लेनच्या मधून चालवा. लेनच्या मधून चालवायला माझी छाती होत नाही, मागून हॉर्न वाजला की आपोआप कडेला सरकते. नक्की बरोबर काय? आणि कायदा काय म्हणतो?

---

चढ_आवडतो | ८ डिसेंबर, सकाळी ११:१५

आधी कोपराची काळजी घ्या, दोन दिवसांनी सूज आली तर एक्सरे काढाच.

तुमच्या ऑफिसातला मुलगा बऱ्यापैकी बरोबर आहे, फक्त त्याने अर्धंच सांगितलं. मी बारा वर्षं पुण्यात सायकल चालवतोय आणि पहिली तीन वर्षं तुमच्यासारखाच कडेला चिकटून चालवायचो. कडेला काय काय असतं बघा. चेंबरचं झाकण, ते रस्त्यापेक्षा दोन इंच खाली नाहीतर दोन इंच वर. गटाराची जाळी, आणि तिचे गज रस्त्याला समांतर असले की बारीक टायर थेट आत. काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉकच्या मधली फट. वाहत येऊन साठलेली खडी, काचा. पावसात साचलेलं पाणी आणि त्याखाली काय आहे ते देवाला ठाऊक. यातलं काहीही समोर आलं की तुम्ही अचानक उजवीकडे जाणार, आणि मागच्याला तुम्ही तसं जाणार हे माहीत नसतं. तिथेच ठोकर बसते.

म्हणून कडेपासून निदान अर्धा मीटर, जमलं तर पाऊण. आणि गाड्या लागलेल्या असतील तर त्यांच्यापासून पूर्ण दाराची रुंदी सोडायची, म्हणजे मीटरभर तरी, जास्त मिळालं तर जास्त. हो, म्हणजे डीपी रोडवर तुम्ही जवळजवळ लेनच्या मधेच येता, येऊ द्या. मागचा हॉर्न वाजवेल. हॉर्न वाजवला म्हणजे त्याला तुम्ही दिसलात, वाईट कशाला वाटून घ्यायचं.

अजून एक, गाड्यांच्या रांगेत मधे मधे मोकळी जागा दिसली की आपण आत शिरतो आणि पुढची गाडी आली की परत बाहेर येतो. हे नागमोडी जाणं बंद करा. एका रेषेत जायचं.

---

जुना_पेठकर | ८ डिसेंबर, दुपारी १२:०३

पुण्यात सायकल कुठून चालवायची हा प्रश्न विचारायची वेळ आली, चालायचंच. आमच्या वेळी रस्ताच सायकलींचा होता, मोटारवाल्याला प्रश्न पडायचा की आपण कुठून जायचं. सायकलचा कर भरल्याचा नगरपालिकेचा बिल्ला नसला तर पकडायचे, डबलसीट दिसलं तर पकडायचे, रात्री दिवा नसला तर पकडायचे. चौकात वळायच्या आधी हात बाहेर काढायचा हे वडिलांनी पहिल्या दिवशी शिकवलं, पेडल मारायला त्यानंतर. आता हात दाखवलेला सायकलस्वार मी गेल्या दहा वर्षांत पाहिलेला नाही.

बाईंनी डावीकडूनच जावं, पण डावीकडून म्हणजे गटारातून नव्हे. इतकंच.

---

सरळमार्गी_मी | ८ डिसेंबर, दुपारी १२:४०

सासऱ्यांचं बरोबर आहे असं माझं स्पष्ट मत. मागून कोण कसा येतोय ते आपल्याला दिसत नाही, मोबाइलवर बोलत येणारा असेल, पिऊन आलेला असेल. समोरून आला तर दिसतो तरी, आपण बाजूला होऊ शकतो. मी गावाकडे हायवेला कायम उजवीकडून चालवतो. शाळेत पण शिकवायचे की रस्त्याच्या उजव्या बाजूने चाला म्हणून.

---

चढ_आवडतो | ८ डिसेंबर, दुपारी १:२२

@सरळमार्गी_मी, शाळेत शिकवायचे ते पायी चालणाऱ्याला. फुटपाथ नसेल तर पायी माणसाने येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून चालावं हे बरोबरच आहे, कारण तो ताशी ५ किमीने चालतो आणि वाटलं तर एक पाऊल बाजूला टाकून मातीत उभा राहतो. सायकलला तसं बाजूला पाऊल टाकता येतं का?

गणित करा. तुम्ही १५ ने, गाडी ४० ने. एकाच दिशेने असाल तर फरक २५ चा. ३० मीटरवर तुम्ही त्याला दिसलात तर त्याला चार सेकंद मिळतात, आणि त्याने नुसता वेग कमी केला तरी तो तुमच्या मागे मागे येऊ शकतो. समोरासमोर असाल तर बेरीज होते, ५५. तेच ३० मीटर दोन सेकंदात संपतात, आणि वेग कमी करून भागत नाही, कुणालातरी पूर्ण थांबावं किंवा बाजूला व्हावं लागतं. कोणी कुठल्या बाजूला व्हायचं हे ठरवण्यातच ते दोन सेकंद जातात.

दुसरं म्हणजे गल्लीतून बाहेर येऊन डावीकडे वळणारा माणूस फक्त उजवीकडे बघतो, कारण वाहनं तिकडूनच येणार असतात. तुम्ही त्याच्या डावीकडून उगवता. त्याची चूक काढायला जागाच नाही.

---

काळा_कोट | ८ डिसेंबर, दुपारी ३:५०

कायद्याचं विचारलंय म्हणून लिहितो. इथे दोन टोकाचे गैरसमज असतात, एक म्हणजे सायकलला कायदाच लागू नाही आणि दुसरा म्हणजे सायकलने लेनमध्ये यायचंच नाही. दोन्ही चूक.

मोटार वाहन कायदा १९८८ मधल्या मोटार वाहनाच्या व्याख्येत साधी सायकल येत नाही. म्हणून लायसन्स नाही, नंबरप्लेट नाही, इन्शुरन्स नाही, हेल्मेटची सक्ती नाही (घाला मात्र, सक्तीची वाट बघू नका). बॅटरीच्या सायकलीचं विचारणारे विचारतीलच, मोटर २५० वॉटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किमीच्या आत असं नियमात बसणारं वाहन मोटार वाहन धरत नाहीत.

पण आपल्याकडे मुंबई पोलीस अधिनियम १९५१ आहे, आता त्याला महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणतात. त्यात वाहनाच्या व्याख्येत सायकलचं स्पष्ट नाव आहे आणि कलम ९९ असं की, खरोखरची गरज किंवा पुरेसं कारण नसेल तर वाहन रस्त्याच्या डाव्या बाजूने चालवायचं आणि त्याच दिशेने जाणाऱ्या दुसऱ्या वाहनाला ओलांडताना त्याच्या उजवीकडून जायचं. म्हणजे सासऱ्यांचा सल्ला बेकायदेशीर आहे, हे घरी कसं सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा. पतिराजांसाठी, त्याच कायद्यात फुटपाथवर वाहन चालवायलाही मनाई आहे, सूट फक्त बाबागाडीला. आणि बेदरकार चालवण्याचं कलम, जुनं भादंवि २७९ आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं २८१, ते मोटारीपुरतं नाही, कुठल्याही वाहनाला लागतं. सायकलने म्हाताऱ्या माणसाला उडवलं तर लागू शकतं.

आता मुद्द्याचं. कलम "डावी बाजू" म्हणतं. गटाराची कड म्हणत नाही, कडेपासून किती इंच तेही म्हणत नाही. लागलेल्या गाड्यांपासून मीटरभर अंतर ठेवून चालणारा माणूस डाव्या बाजूनेच चालतोय. खड्डा, उघडं चेंबर, उभी गाडी ही पुरेशी कारणं आहेत. कुणी हवालदार म्हणाला की मधे का चालवता तर नम्रपणे दाखवा की साहेब, कडेला हे आहे.

एक्स्प्रेसवेवर सायकलला बंदी आहे, अटल सेतूवर नाही जाता येत, वांद्रे-वरळी सी लिंकवरही नाही. फलक लावलेला असेल तिथे वाद घालू नका.

---

स्टिअरिंग_माझ्या_हाती | ८ डिसेंबर, संध्याकाळी ६:१८

काडी टाकतो, रागावू नका. मी गाडीवाला. रविवारी पहाटे बाणेर-पाषाण साइडला चार चार जण आडवे गप्पा मारत चालवत असतात, काळे कपडे, मागे लाइट नाही, हॉर्न दिला की उलट हातवारे. तुम्ही "लेन घ्या लेन घ्या" शिकवताय ते या लोकांनी वाचलं तर अजून माजतील. रस्ता आधीच अरुंद, त्यात सायकल मधून १२ च्या स्पीडने, मागे पन्नास गाड्या. कडेने जायला काय होतं? आम्ही काय मुद्दाम उडवायला बसलोय का?

---

टेम्सकाठची_मराठी | ८ डिसेंबर, रात्री ९:०५

मी मूळची सांगलीची, आता अकरा वर्षं लंडनच्या बाहेर राहते. इथेही डावीकडूनच वाहनं चालतात, त्यामुळे इथलं जसंच्या तसं तिकडे लागू पडतं (रस्ता सोडून).

इथल्या हायवे कोडमध्ये (रस्त्यावरच्या नियमांचं सरकारी पुस्तक) २९ जानेवारी २०२२ पासून बदल झाले. आता त्यात सरळ लिहिलंय की शांत रस्त्यावर, हळू चाललेल्या ट्रॅफिकमध्ये आणि चौक किंवा रस्ता अरुंद होतो ती जागा जवळ येताना सायकलने लेनच्या मधोमध चालावं. गर्दीच्या रस्त्यावर गाड्या आपल्यापेक्षा जोरात असतील तर कडेपासून किमान अर्धा मीटर. म्हणजे वरचा अर्धा-पाऊण मीटरचा हिशोब तसाच. लागलेल्या गाड्यांपासून दाराची रुंदी किंवा १ मीटर. आणि गाडीवाल्याने ३० मैल वेगापर्यंत ओव्हरटेक करताना सायकलपासून किमान दीड मीटर सोडायचं. दोघांनी शेजारी शेजारी चालवायलाही हरकत नाही, मागच्याला जाऊ देणं सुरक्षित वाटलं की एकामागे एक व्हायचं.

इथे सायकल शिकवताना दोन जागा शिकवतात. प्रायमरी म्हणजे लेनच्या मधे आणि सेकंडरी म्हणजे थोडं डावीकडे. कायम एकाच जागी राहायचं नसतं, पुढे काय आहे त्याप्रमाणे बदलायचं, आणि बदलायच्या आधी मान वळवून मागे बघायचं. आधी बघायचं मग सरकायचं. हॉर्न वाजला म्हणून सरकायचं नाही.

@ओली_माती, शेरवानीवाल्या काकांसाठी, इथे सांगतात की गाडीचं उजवं दार डाव्या हाताने उघडा. करून बघा, अंग आपोआप वळतं आणि मान मागे जाते. ड्रायव्हर उजवीकडे बसतो त्यामुळे आपल्याकडेही हेच चालेल. मी सांगलीला आले की भावाला रोज टोकते, तो वैतागतो.

---

चढ_आवडतो | ८ डिसेंबर, रात्री १०:३१

@स्टिअरिंग, चार आडवे चालवणारे चुकतात, त्यात वाद नाही. लाइट न लावणाऱ्यांबद्दल तर मी तुमच्यापेक्षा जास्त बोलेन.

पण "कडेने जायला काय होतं" याचं उत्तर तुमच्या सीटवरूनच देतो. लेन साधारण साडेतीन मीटरची धरा. मी अगदी कडेला गेलो तरी हँडल आणि डगमग धरून मीटरभर जागा मी खातो. उरली अडीच. तुमची गाडी आरशांसकट दोन मीटरच्या आसपास. तुम्हाला वाटतं बसतंय, लेन न बदलता जाऊ. बसतं, दोन्ही बाजूंची मिळून अर्धा मीटर मोकळी जागा ठेवून, म्हणजे माझ्या कोपराजवळून वीतभर अंतरावरून. त्यात माझ्यापुढे चेंबर आलं की संपलं. मी थोडा मधे असलो की तुम्हाला कळतं की इथे घुसता येत नाही, मग तुम्ही शेजारची लेन मोकळी होईपर्यंत दहा सेकंद थांबता आणि नीट ओलांडता. दहा सेकंद. पुढच्या सिग्नलला मी तुमच्याच शेजारी उभा असतो.

आणि जागा मोकळी झाली की मी स्वतः डावीकडे होतो, हाताने पुढे जा म्हणतो. मागे पन्नास गाड्या ठेवून मिरवायची हौस कुणाला नाही.

---

स्टिअरिंग_माझ्या_हाती | ८ डिसेंबर, रात्री १०:५०

वीतभर वालं पटलं. सिग्नलला शेजारी असता तेही खरं आहे, त्याचाच जास्त राग येतो :)

---

कन्या_शाळा_मास्तर | ९ डिसेंबर, सकाळी ७:२६

इथे सगळी पुण्याची चर्चा चाललीय, थोडं खेड्यातलं सांगतो. मी जालना जिल्ह्यात शिक्षक आहे. आमच्याकडे सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून मुलींना सायकली मिळाल्या, आठवी ते बारावीच्या. वाडीवरून तीन-चार किलोमीटर येतात, घोळक्याने. रस्ता एकच, अंगावर येणारा, दोन्ही बाजूंना साइडपट्टी खचलेली. डांबर आणि माती यात चार बोटं उंचीचा फरक. तुमचं अर्धा मीटर, पाऊण मीटर सगळं मान्य, पण ऊसाची डबल ट्रॉली समोरून आली की मुलीने काय करायचं? ट्रॉलीच्या मागे रिफ्लेक्टर नसतो, बाहेर आलेला ऊस दोन्हीकडे हात दोन हात लोंबत असतो.

मी पोरींना शिकवलंय ते असं. डावीकडूनच यायचं. दोघींपेक्षा जास्त आडवं नाही, मागून आवाज आला की सगळ्यात मागचीने ओरडायचं "गाडी!" आणि एकामागे एक व्हायचं. ट्रॉली दिसली की चालू सायकल मातीत उतरवायची नाही (एक जण त्या चार बोटांच्या कडेवरूनच पडली होती, चाक घसरून), आधी थांबायचं, उतरायचं, सायकल हाताने खाली घ्यायची, ट्रॉली जाऊ द्यायची. यात लाज नाही. आणि दप्तराला मागे चकाकणारी पट्टी, ती मी स्वतः शिवून आणली तालुक्यातून.

पोरी आता मलाच ओरडतात मोटरसायकलवर असलो की. "सर, गाडी!"

---

जुना_पेठकर | ९ डिसेंबर, सकाळी ८:१०

मास्तर, दंडवत. या धाग्यावरचा सर्वांत कामाचा प्रतिसाद.

---

रात्रीचा_रँडो | ९ डिसेंबर, सकाळी ११:४४

दोन जागा राहिल्या.

पहिली, चौक. सरळ जायचं असेल तर डावीकडे वळणाऱ्या बसच्या डावीकडे कधीही घुसू नका, कितीही जागा दिसो. बस वळताना मागचं चाक आतल्या बाजूने कापत येतं आणि ड्रायव्हरला त्या कोपऱ्यात तुम्ही दिसत नाही. बसच्या मागे थांबा, धूर खा, पण मागे थांबा. फ्री लेफ्ट असेल तिथे सरळ जाणाऱ्याने डावीकडच्या टोकाला राहायचंच नाही, नाहीतर सगळा चौक तुमच्या अंगावरून डावीकडे वळतो. उजवीकडे वळायचं असेल आणि ट्रॅफिक अंगावर येत असेल तर मधे जायची हिंमत करू नका, सरळ पलीकडे जा, तिथे सायकल वळवून उभे राहा आणि त्या बाजूचा सिग्नल सुटला की निघा. दोन सिग्नल लागतात, लागू देत.

दुसरी, बोगदा. पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकी घाट चढून जातो, पण येताना बोगद्यातून यावं लागतं. उन्हातून आत शिरणाऱ्या ट्रकवाल्याला पहिले काही सेकंद काहीच दिसत नाही. भर दुपारी असलं तरी बोगद्याआधी मागचा लाल दिवा लावायचा, गॉगल काढायचा आणि आत एका रेषेत, भिंतीला न चिकटता, न थांबता बाहेर. बीआरएममध्ये (ठरलेल्या वेळात लांब पल्ला पूर्ण करायच्या सायकल राइडमध्ये) रात्री रिफ्लेक्टिव्ह जॅकेट आणि पुढेमागे दिवे नसतील तर राइडच करू देत नाहीत, ती सवय मला ऑफिसला जातानाही लागलीय. लोक हसतात, हसू देत, दिसतो ना मी.

---

सरळमार्गी_मी | ९ डिसेंबर, दुपारी १:०२

दोन सेकंदांचं गणित रात्री परत करून पाहिलं. ठीक आहे. पण मागून येणाऱ्याचं मला अजून टेन्शन आहे, ते गणिताने जात नाही.

---

चढ_आवडतो | ९ डिसेंबर, दुपारी १:३०

आरसा लावा. हँडलच्या उजव्या टोकाला बसतो. पहिले दोन दिवस सारखं आरशातच बघाल आणि खड्ड्यात जाल, मग सवय होते.

---

दुचाकी_दुनिया | ९ डिसेंबर, दुपारी ४:१५

आणि सायकल ट्रॅकचं कुणीच बोललं नाही? पुण्यात सातारा रोडला बीआरटीबरोबर (बससाठीच्या वेगळ्या मार्गिकेबरोबर) ट्रॅक केले, २०१७ ला सायकल आराखडाही झाला, कागदावर छान आहे. ट्रॅकवरून जावं की रस्त्यावरून?

---

काळा_कोट | ९ डिसेंबर, संध्याकाळी ५:४०

मोटार चालकाने सायकल ट्रॅकवर गाडी घालायची नाही असा नियम १९८९ च्या रस्ता नियमांतही होता. प्रत्यक्षात तिथे काय काय असतं ते आपण बघतोच, पाणीपुरीची गाडी ते ट्रान्सफॉर्मर. सलग मोकळा असेल तर वापरा. दर पन्नास मीटरला उतरावं लागत असेल तर रस्ता बरा, कारण ट्रॅकवरून अचानक रस्त्यावर उतरणारी सायकल कुणाच्याच हिशोबात नसते.

---

ओली_माती | २९ डिसेंबर, रात्री ९:३७

सगळ्यांचे आभार, एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. तीन आठवड्यांचा अहवाल देते.

कोपर बरं आहे. पहिल्या दिवशी डीपी रोडवर गाड्यांपासून मीटरभर बाहेर आले तेव्हा पाठीला अक्षरशः मुंग्या आल्या, वाटलं आता कुणीतरी धडकणार. हॉर्न वाजले, भरपूर. पण गंमत म्हणजे मला घासून जाणाऱ्या गाड्या कमी झाल्या, खरंच कमी झाल्या, लोक पूर्ण बाहेरून वळसा घेऊन जातात. शिव्या एकदाच पडल्या, बुलेटवाल्याकडून. परवा त्याच लॉनसमोर एकाचं दार उघडलं आणि मी मीटरभर लांबून निघून गेले, काहीच झालं नाही, त्याला कळलंही नाही.

राजाराम पुलाच्या चौकात मात्र अजून जमत नाही. तिथे उतरून, सायकल हातात धरून चालत जाते. सासऱ्यांना कलम ९९ वाचून दाखवलं, ते म्हणाले कायदा करणारे सायकल चालवत नाहीत. नवऱ्याने बाबागाडीवरून चिडवायला सुरुवात केलीय.

आरसा आणला पण तो हँडलच्या टोकात बसतच नाही, ग्रिपचं टोक बंद आहे. कापायचं का?

---

चढ_आवडतो | २९ डिसेंबर, रात्री ९:५२

कटरने गोल कापा, एकदम सोपं. दुकानात नेलंत तर शंभर रुपये मागतील.

---

जुना_पेठकर | ३० डिसेंबर, सकाळी ६:५५

राजाराम पुलाच्या चौकात चालत जाता ते योग्यच आहे, बदलू नका. आणि वळताना हात दाखवता का ते लिहिलं नाहीत.